संशोधनक्षेत्रांच्या नात्यांचा नकाशा कसा काढायचा: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

मी काढलेला पहिला नकाशा दिसायला फार देखणा होता. तीनशेच्या वर बिंदू, पाच रंग, बारीक रेषांचं जाळं. अशा नकाशात बिंदू म्हणजे एखादा शोधनिबंध (पेपर), लेखक किंवा शब्द, आणि रेषा म्हणजे त्यांच्यातलं नातं. माझ्या मार्गदर्शकांनी त्यातल्या शेजारशेजारच्या दोन बिंदूंवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे दोन एकमेकांजवळ का आहेत?" मला उत्तर देता आलं नाही. सॉफ्टवेअरने ते जवळ ठेवले होते, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचे काही महिने मी तो एकच प्रश्न घेऊन बसले, आणि त्यातून जे उमगलं ते या लेखात क्रमाने मांडते आहे. तुमच्या नकाशावरच्या कोणत्याही दोन बिंदूंबद्दल तो प्रश्न कुणी विचारला तर तुम्हाला उत्तर देता यावं, एवढाच या लेखाचा हेतू.

विज्ञानशाखांचं चित्र काढण्याची धडपड जुनी आहे. धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ज्याच्या नावाची आकृती अभ्यासाला असते, त्या एलिंगहॅमने १९४८ साली नैसर्गिक विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शाखांचा असा एक तक्ता हाताने काढला होता. कोणती शाखा कोणाच्या शेजारी बसवायची हे त्याने स्वतःच्या जाणकारीवर ठरवलं. पुढे १९६४ मध्ये यूजीन गारफिल्ड यांची सायन्स सायटेशन इंडेक्स ही सूची आली आणि कोणत्या पेपरने कोणाचा संदर्भ दिला हे पद्धतशीर शोधता येऊ लागलं. लगेच १९६५ मध्ये डेरेक डी सोला प्राइस यांनी पेपरांच्या या संदर्भांकडे एक जाळं म्हणून पाहिलं. तेव्हापासून शेजार ठरवण्याचं काम जाणकाराच्या डोक्यातून निघून पेपरांच्या शेवटी असलेल्या संदर्भयादीकडे आलं. आज आपण करतो ते हेच. फक्त मोजणी संगणक करतो.

संपूर्ण लेखात मी एकच उदाहरण वापरणार आहे: प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू. या विषयावर डॉक्टर लिहितात, पशुवैद्य लिहितात, सांडपाण्यावर काम करणारे अभियंते लिहितात, जनुकशास्त्रज्ञ लिहितात, नवी औषधं शोधणारे रसायनशास्त्रज्ञही लिहितात. या सगळ्यांचं एकमेकांशी काय नातं आहे हे पाहण्यासाठी नकाशा हवा.

सुरुवातीला काय काय जवळ हवं

• पेपरांच्या नोंदींचा एक डेटाबेस. संस्थेची वर्गणी असेल तर स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स. नसेल तर ओपनअ‍ॅलेक्स. मायक्रोसॉफ्टने आपला संशोधनविषयक डेटासंच २०२१ च्या अखेरीस बंद केला, त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये ओपनअ‍ॅलेक्स सुरू झाला. त्याचा डेटा कुणालाही वापरायला खुला आहे. वैद्यकीय विषय असेल तर पबमेडही हाताशी ठेवा.
• नकाशा काढणारं सॉफ्टवेअर. नवख्यांनी व्हीओएसव्ह्यूअरपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. लायडन विद्यापीठात नेस यान व्हॅन एक आणि लुडो वॉल्टमन यांनी ते तयार केलं. ते मोफत आहे आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. पुढे हात बसला की गेफी पाहा. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्यातलं बिब्लिओमेट्रिक्स पाहा.
• एक स्प्रेडशीट आणि एक साधी टेक्स्ट फाइल.
• नोंदवही. शोधाचे शब्द, तारीख, प्रत्येक सेटिंग तिच्यात उतरवायचं. हे टाळाल तर महिन्याभराने तोच नकाशा तुम्हाला स्वतःलाही पुन्हा काढता येणार नाही.
• विषयातला एक जाणकार, जो नकाशा समोर ठेवून तासभर बोलेल. त्याला आधीच विचारून ठेवा.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

'मला या क्षेत्राचा आढावा घ्यायचा आहे' हे वाक्य चालत नाही, कारण त्यावरून पुढचा एकही निर्णय घेता येत नाही. 'सांडपाण्यातल्या रोधक जनुकांवर (जीवाणूंना प्रतिजैविकांपासून वाचवणाऱ्या जनुकांवर) काम करणारे आणि रुग्णालयातल्या संसर्गांवर काम करणारे एकाच ज्ञानावर उभे आहेत का?' हे वाक्य चालतं. त्यातून बिंदू कशाचे हवेत, रेषा कशाच्या हव्यात, किती वर्षांचे पेपर हवेत, हे सगळं निघतं. वाक्य जमेपर्यंत सॉफ्टवेअर उघडू नका. मी उलट क्रमाने गेले होते आणि तीन आठवडे वाया गेले.

२. बिंदू कशाचा ते ठरवा

बिंदू पेपरचा असू शकतो, नियतकालिकाचा, लेखकाचा, संस्थेचा किंवा शब्दाचा. संपूर्ण विज्ञानाचा मोठा नकाशा हवा असेल तर नियतकालिकं घेतात. बोयॅक, क्लावन्स आणि बोर्नर यांनी २००५ मध्ये केलेल्या अशा नकाशात ७,१२१ नियतकालिकं होती. एका विषयाच्या आतलं चित्र हवं असेल तर पेपर किंवा शब्द घ्या. लेखकांचे बिंदू माणसांची नाती दाखवतात, विषयांची नव्हे. दोन विषय लेखकांच्या नकाशावर जोडलेले दिसले तरी कदाचित त्या लेखकांची प्रयोगशाळा एक असेल, एवढंच.

३. रेषा कशाची ते ठरवा

माझ्या मार्गदर्शकांच्या प्रश्नाचं उत्तर याच पायरीत होतं, म्हणून इथे जरा थांबू. दोन बिंदू 'जवळ' असण्याच्या चार मुख्य रीती आहेत, आणि चारही वेगळं काही सांगतात.

थेट सायटेशन: एका पेपरने दुसऱ्याचा संदर्भ दिला की दोघांमध्ये रेषा. समजायला सर्वांत सोपं. पण अडचण अशी की एकाच प्रश्नावर एकाच वर्षी काम करणारे दोन गट बहुधा एकमेकांचा संदर्भ देत नाहीत, दुसऱ्याचा पेपर त्यांच्या हातात पडलेलाच नसतो. लहान डेटासंचात हा नकाशा फार विरळ येतो.

संदर्भसाम्य: दोन पेपरांच्या संदर्भयाद्यांमध्ये जितकी नावं सारखी तितकी रेषा जाड. केसलर यांनी १९६३ मध्ये ही कल्पना मांडली. दोघं एकाच विहिरीचं पाणी भरतात, म्हणून शेजारी. पेपर छापला गेला त्या दिवशीच त्याची संदर्भयादी पक्की होते, त्यामुळे हे नातं पुढे बदलत नाही आणि अगदी नव्या पेपरांनाही नकाशावर जागा मिळते. आत्ता काय चाललं आहे हे पाहायचं असेल तर मी हीच रीत निवडते.

सहउद्धरण: इथे दोन जुन्या पेपरांची नावं तिसरा, नंतरचा पेपर एकत्र घेतो. असे तिसरे जितके जास्त तितके ते दोन जुने पेपर जवळ. १९७३ मध्ये अमेरिकेत हेन्री स्मॉल आणि सोव्हिएत संघात इरिना मार्शाकोवा यांनी ही पद्धत एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. एखाद्या क्षेत्राचा पाया कोणत्या कामांवर उभा आहे हे तिच्यातून दिसतं. हे नातं मात्र काळानुसार बदलत राहतं, आणि ज्याचे संदर्भ अजून कुणी दिलेलेच नाहीत असा नवा पेपर तिच्यात दिसणारच नाही.

सहशब्द: दोन शब्द एकाच पेपराच्या शीर्षकात, गोषवाऱ्यात किंवा कीवर्डमध्ये जितक्या वेळा एकत्र येतात तितके ते जवळ. विषय कशाबद्दल आहे हे यातून पटकन कळतं, आणि परक्या माणसालाही असा नकाशा वाचता येतो. धोका एवढाच की शब्द सारखा म्हणून विचार सारखा असं नसतं.

आमच्या उदाहरणात हा फरक मला अगदी ठळक दिसला. सहशब्दांच्या नकाशात सांडपाण्याचे पेपर आणि रुग्णालयांचे पेपर बऱ्यापैकी एकमेकांना चिकटून आले, कारण दोघंही तीच प्रतिजैविकं आणि तीच जनुकं यांची नावं वापरतात. तेच पेपर संदर्भसाम्याने मांडले तर दोन्ही गट लांब सरकले. भाषा एक, पण वाचन वेगळं. माझ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं या फरकात होतं. एकच नकाशा काढून थांबले असते तर ते निसटलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे: निदान दोन रीतींनी काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.

४. पेपर गोळा करा

शोधाचे शब्द आधी कागदावर लिहा. एकाच गोष्टीची किती नावं आहेत ते पाहा. आमच्या विषयात 'अँटिबायोटिक रेझिस्टन्स', 'अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स', 'ड्रग रेझिस्टन्स', 'मल्टिड्रग रेझिस्टंट' ही सगळी नावं चालतात. यातलं एकच घेतलंत तर एखादी शाखाच्या शाखा बाहेर राहते, आणि नकाशा पाहणाऱ्याला ती गैरहजेरी कळतही नाही. शब्द फार सैल ठेवलात तरी पंचाईत. नुसतं 'ड्रग रेझिस्टन्स' टाकलं की कर्करोगाच्या औषधांना न जुमानणाऱ्या पेशींवरचे पेपर लोंढ्याने येतात.

लघुरूपांपासून विशेष सावध राहा. मी शोधात अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्सचं 'एएमआर' हे लघुरूप नुसतंच टाकलं होतं. नकाशाच्या कडेला एक सुटं बेट आलं, त्यावर तारे, वायूचे ढग आणि दीर्घिका. संगणकावर खगोलीय घडामोडींचं अनुकरण करताना 'अ‍ॅडॅप्टिव्ह मेश रिफाइनमेंट' नावाचं तंत्र वापरतात, त्याचंही लघुरूप तेच. हे बेट निदान लांब पडलं म्हणून दिसलं. जवळच्या विषयातली अशी भेसळ मुख्य भूमीत मिसळून जाते आणि तिथेच राहते.

शोधाची चाचणी घेण्याची माझी रीत अशी: विषयातले जे पंधरा-वीस पेपर असायलाच हवेत अशी माझी खात्री आहे, त्यांची यादी शोध घेण्याआधी करते. मग शोधाच्या निकालात त्यातले किती आले ते मोजते. आले नाहीत ते का आले नाहीत, हे त्यांचं शीर्षक वाचून कळतं आणि नवा शब्द सापडतो. दुसऱ्या बाजूने, निकालातले कोणतेही पन्नास पेपर उचलून शीर्षकं वाचायची आणि विषयाबाहेरचे किती ते पाहायचं. दोन-तीन फेऱ्यांत शोध ताळ्यावर येतो.

पहिल्या नकाशासाठी हजार ते तीन हजार पेपर पुरतात. डाउनलोड करताना पूर्ण नोंद निवडा, संदर्भयादीसकट. इथे हमखास चूक होते: लोक फक्त शीर्षक आणि लेखक उतरवतात, आणि संदर्भसाम्याचा नकाशा काढायला बसल्यावर सॉफ्टवेअर सांगतं की संदर्भच नाहीत. डेटाबेस एका वेळी ठरावीक संख्येनेच नोंदी देत असेल तर वर्षांनुसार तुकडे पाडून घ्या आणि फाइलींना वर्षाचीच नावं द्या.

डेटाबेस बदलला की नकाशाही बदलतो. सगळ्याच डेटाबेसांत इंग्रजी नियतकालिकांचा भरणा आहे. जिथे पुस्तकं आणि इतर भाषांतलं लेखन महत्त्वाचं, अशा मानव्यविद्या त्यांच्यात तोकड्या दिसतात. ओपनअ‍ॅलेक्समध्ये सगळ्याच पेपरांचे गोषवारे मिळत नाहीत, म्हणून त्यावरून सहशब्दांचा नकाशा काढण्यापूर्वी किती नोंदींना गोषवारा आहे ते मोजून घ्या.

५. सफाई

या कामाला कंटाळू नका. माझा निम्म्याहून जास्त वेळ यात जातो आणि तो कधीच वाया गेला असं वाटलेलं नाही.

आधी दुहेरी नोंदी काढा. डीओआय क्रमांकावरून, म्हणजे पेपरला मिळालेल्या कायमच्या ओळखक्रमांकावरून जुळवणं सर्वांत खात्रीचं. ज्यांना डीओआय नाही त्यांची शीर्षकं अक्षरं सारखी करून जुळवा. प्रीप्रिंट (छापण्याआधीच ऑनलाइन ठेवलेला मसुदा) आणि नंतर छापलेला पेपर ही एकाच कामाची दोन रूपं असतात, दोन्ही ठेवलीत तर त्यांच्या संदर्भयाद्या जवळपास सारख्या असल्याने नकाशावर एक खोटी घट्ट जोडी तयार होते.

मग शब्द. एकवचन-अनेकवचन, ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंग, पूर्ण नाव-लघुरूप हे सगळं एकाखाली आणायचं. व्हीओएसव्ह्यूअरला यासाठी साधी टेक्स्ट फाइल देता येते, तिला ते थिसॉरस फाइल म्हणतात. तिच्यात टॅबने वेगळे केलेले दोन स्तंभ असतात: डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे त्याऐवजी वापरायचा शब्द. उजवी बाजू रिकामी ठेवली की तो शब्द नकाशातून गळतो. ही फाइल एकदा नीट केली की त्या विषयासाठी कायमची कामाला येते.

कोणते शब्द गाळायचे? 'स्टडी', 'रिझल्ट', 'अ‍ॅनालिसिस' हे तर उघड आहेत. त्याशिवाय दोन सापळे आहेत. पहिला असा की काही डेटाबेस लेखकांच्या कीवर्डखेरीज स्वतःचेही कीवर्ड लावतात, त्यांत 'ह्यूमन', 'फीमेल', 'आर्टिकल' असे शब्द जवळजवळ प्रत्येक पेपरला असतात. ते ठेवलेत तर नकाशाच्या मधोमध 'ह्यूमन' हा भला मोठा गोळा येतो आणि सगळ्या रेषा त्याच्याकडे धावतात. शक्य तिथे लेखकांचेच कीवर्ड घ्या. दुसरा सापळा गोषवाऱ्याच्या शेवटी दडलेला असतो. तिथे प्रकाशकाच्या हक्कांची ओळ चिकटलेली असते, आणि मग 'राइट्स' किंवा प्रकाशकाचं नाव हा तुमच्या क्षेत्रातला महत्त्वाचा विषय असल्यासारखा दिसू लागतो.

एक गोष्ट ध्यानात असू द्या: शीर्षकं आणि गोषवाऱ्यांतून शब्दसमूह उचलण्याची व्हीओएसव्ह्यूअरची सोय इंग्रजी मजकुरासाठीच आहे.

६. पहिला नकाशा काढा

सॉफ्टवेअरमध्ये फाइल दिलीत की ते क्रमाने प्रश्न विचारतं. प्रत्येक ठिकाणी आधीच भरलेला आकडा असतो आणि 'पुढे' दाबत जाण्याचा मोह होतो. दोन ठिकाणी मात्र थांबा.

पहिलं म्हणजे किमान मर्यादा, म्हणजे शब्द किती वेळा आला तर नकाशावर घ्यायचा. मर्यादा खाली आणली की गर्दी होते आणि काहीच वाचता येत नाही. फार वर नेली की फक्त सर्वांना माहीत असलेले विषय उरतात, आणि ज्या उगवत्या विषयासाठी आपण नकाशा काढला तोच गळून पडतो. मी शंभर ते दोनशे बिंदू उरतील अशी मर्यादा शोधते. पाच, आठ, बारा अशा तीन मर्यादांवर नकाशे काढून पाहिले की कोणता विषय कधी नाहीसा होतो हे कळतं, आणि ती माहितीही उपयोगाची असते.

दुसरं म्हणजे मोजण्याची रीत: पूर्ण की अंशतः. हे गणित स्वतः करून पाहा. सहउद्धरणात २० संदर्भांचा एक पेपर १९० जोड्या (२० × १९ ÷ २) तयार करतो. २०० संदर्भांचा एक आढावालेख १९,९०० जोड्या तयार करतो. पूर्ण मोजणीत हा एक आढावालेख शंभराहून जास्त साध्या पेपरांइतका आवाज करतो. अंशतः मोजणीत प्रत्येक पेपराचं एकूण वजन सारखं धरून ते त्याच्या जोड्यांत वाटलं जातं. विषयांच्या नकाशांसाठी मी नेहमी अंशतः मोजणी घेते. सहलेखकांच्या नकाशातही हाच प्रश्न येतो, शंभर लेखकांचा एक पेपर ४,९५० जोड्या घेऊन येतो.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअर आपणहून करतं, पण तुम्हाला ती ठाऊक असायला हवी. जो शब्द सगळीकडे येतो तो सगळ्यांशीच जोडलेला दिसतो. म्हणून दोन शब्द प्रत्यक्ष किती वेळा एकत्र आले याला त्या दोघांच्या एकूण वापराच्या गुणाकाराने भागतात. 'योगायोगाने आले असते त्यापेक्षा जास्त वेळा एकत्र आले का?' असा या भागाकाराचा अर्थ. गेफीत कच्चा डेटा थेट ओतलात तर हे भागण्याचं काम तुमचं तुम्हालाच आधी करावं लागतं. अनेकांचे गेफीतले नकाशे केसांच्या गुंत्यासारखे दिसतात त्याचं मोठं कारण हेच.

७. पुंजके ताडून पाहा

रंगांचे जे गट दिसतात त्यांना क्लस्टर किंवा पुंजके म्हणतात. किती पुंजके पडतील हे एका आकड्यावर अवलंबून असतं, त्याला रिझोल्यूशन म्हणतात. व्हीओएसव्ह्यूअरमध्ये तो सुरुवातीला १ असतो. वाढवला की पुंजके फुटतात, कमी केला की मिसळतात. त्यामुळे 'या क्षेत्रात पाच उपशाखा आहेत' असं वाक्य कधीही लिहू नका. 'रिझोल्यूशन १ ठेवल्यास पाच पुंजके पडतात' असं लिहा. ०.७, १ आणि १.४ अशा तीन आकड्यांवर काढून पाहा. तिन्ही वेळा जो गट एकसंध राहतो त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. जो प्रत्येक वेळी वेगळ्या सोबत्यांत दिसतो तो सीमेवरचा आहे, आणि दोन शाखांना जोडणारं काम पुष्कळदा तिथेच सापडतं.

गेफीत पुंजक्यांसाठी लुव्हेन ही २००८ सालची पद्धत बराच काळ वापरली जाते आहे. तिच्यात कधीकधी आतून नीट जोडलेले नसलेले बिंदूही एका पुंजक्यात पडतात, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं आणि त्यावर उपाय म्हणून लायडन ही पद्धत आली. निवडण्याची मुभा असेल तर लायडन घ्या.

८. वाचायला शिका

डावं-उजवं, वर-खाली यांना काहीही अर्थ नसतो. नकाशा फिरवला किंवा आरशातल्यासारखा उलटा केला तरी तो तोच नकाशा. अर्थ फक्त अंतराला आहे, आणि तोही ढोबळ, कारण शेकडो दिशांनी पसरलेली नाती कागदाच्या दोन दिशांत दाबून बसवलेली असतात. दोन बिंदू जवळ दिसले की त्यांच्यामध्ये खरोखर रेषा आहे का ते बिंदूवर टिचकी मारून पाहा. कधीकधी दोघंही तिसऱ्याच कुणाच्या ओढीने एका जागी आलेले असतात.

बिंदू मोठा याचा अर्थ तो पुष्कळ वेळा आला, इतकाच. मधोमध असणं हा मोठेपणाही नाही. सगळ्यांशी थोडंथोडं नातं असलेली गोष्ट मध्ये सरकते, आणि ती पुष्कळदा एखादी पद्धत किंवा उपकरण असते.

संपूर्ण विज्ञानाच्या नकाशांबाबत एक गंमतीची गोष्ट आहे. क्लावन्स आणि बोयॅक यांनी २००९ मध्ये वेगवेगळ्या लोकांनी काढलेले वीस नकाशे ताडून पाहिले. डेटा वेगळा, पद्धती वेगळ्या, तरी शाखांचा क्रम बराचसा एका कड्यासारखा निघाला: गणितापासून निघून भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, वैद्यक, मानसशास्त्र, सामाजिक शास्त्रं, संगणकशास्त्र असं करत परत गणितापाशी. तुमच्या नकाशात एखादी शाखा वर आली की खाली, याची काळजी करू नका. शेजारी कोण आहे ते पाहा.

रंग पुंजक्यांऐवजी वर्षांनुसारही देता येतात. प्रत्येक शब्द ज्या पेपरांत आला त्यांचं सरासरी वर्ष काढून जुन्याला एक रंग आणि नव्याला दुसरा. हे दृश्य अवश्य काढा. मात्र लाल-हिरव्याची जोडी टाळा, रंगांधळेपणा असलेल्यांना तो फरक दिसत नाही. निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारी छटा चालते.

९. पेपर उघडा

प्रत्येक पुंजक्यातले निदान पाच पेपर उघडून गोषवारे वाचा, दोन मधले आणि तीन कडेचे. मगच पुंजक्याला नाव द्या. सर्वांत मोठ्या बिंदूचं नाव पुंजक्याला देऊन टाकायची पद्धत फार पसरली आहे आणि ती हमखास फसवते. आमच्या एका पुंजक्यात 'टेट्रासायक्लिन' हा एका प्रतिजैविकाच्या नावाचा शब्द सर्वांत मोठा होता, पण पेपर उघडल्यावर कळलं की तो गट पशुपालनाचा आणि शेणखताचा आहे.

मग नकाशा जाणकाराला दाखवा, आणि आधी काहीही समजावून सांगू नका. त्याला विचारा: काय खटकतं? कोण दिसत नाही? त्याने 'हे इथे कसं?' म्हटलं की खूष व्हा. एकतर सफाईतली चूक सापडेल, नाहीतर त्यालाही ठाऊक नसलेलं नातं.

१०. मोकळ्या जागा पाहा

बिंदू आणि रेषा पाहून झाल्या की जिथे काहीच नाही तिथे पाहा. डॉन स्वॉन्सन हे शिकागो विद्यापीठातले माहितीशास्त्रज्ञ. त्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की माशांच्या तेलावरचे पेपर सांगतात की त्या तेलाने रक्ताचा दाटपणा आणि रक्तातल्या प्लेटलेट्सचं एकत्र चिकटणं कमी होतं. दुसरीकडे रेनो विकारावरचे पेपर, ज्यात थंडीने बोटांचा रक्तपुरवठा आकसतो, ते सांगतात की या रुग्णांमध्ये नेमक्या याच गोष्टी वाढलेल्या असतात. दोन्ही गट एकमेकांचे संदर्भ देत नव्हते. स्वॉन्सन यांनी कोणताही प्रयोग न करता, केवळ दोन वाङ्मयं शेजारी ठेवून, माशांचं तेल या रुग्णांना उपयोगी पडेल असा अंदाज बांधला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय चाचणीत प्राथमिक रेनो (दुसऱ्या आजारामुळे न झालेला) असलेल्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं दिसलं. हे उदाहरण वाचलं तेव्हापासून मी प्रत्येक नकाशात असे दोन गट शोधते: एकच मधला शब्द दोघांकडे आहे, पण संदर्भांची रेषा दोघांत नाही. सहशब्दांचा आणि संदर्भसाम्याचा नकाशा शेजारी ठेवण्याचा आग्रह मी तिसऱ्या पायरीत धरला तो यासाठीही.

मोकळी जागा दिसली की घाईने शोध लागल्याचं जाहीर करू नका. तीन गोष्टी आधी तपासा. शोधाच्या शब्दांमुळे मधला दुवा बाहेर राहिला का? त्या दुव्याचं लेखन तुमचा डेटाबेस घेत नाही अशा नियतकालिकांत किंवा दुसऱ्या भाषेत आहे का? किमान मर्यादेने तो गाळला गेला का? माझ्या बाबतीत पहिली मोकळी जागा किमान मर्यादेची निघाली, दुसरी डेटाबेसची, आणि तिसरी खरी होती.

११. नकाशाखाली काय लिहायचं

नकाशा कुणालाही देताना त्याच्याखाली या नोंदी हव्यातच: डेटाबेसचं नाव, शोधाचे शब्द जसेच्या तसे, डाउनलोडची तारीख, पेपरांची वर्षं आणि संख्या, सफाईनंतर किती उरले, बिंदू कशाचे, रेषा कशाच्या, पूर्ण मोजणी की अंशतः, किमान मर्यादा, रिझोल्यूशन, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती. थिसॉरस फाइल सोबत जोडा. नावं एकमेकांवर चढत असतील तर अक्षर बारीक करू नका, कमी नावं दाखवा आणि उरलेली तक्त्यात द्या. शक्य असेल तर वाचणाऱ्याला स्वतः बिंदूवर टिचकी मारता येईल अशी ऑनलाइन आवृत्तीही द्या, म्हणजे 'हे दोन जवळ का?' असा प्रश्न पडला की त्याला मधली रेषा आणि तिची जाडी स्वतः तपासता येते.